चवीची पारख : द्राक्षमळ्यापासून जेवणाच्या ताटापर्यंत

माघ महिना सरत आला की नाशिक जिल्ह्यातील निफाड आणि दिंडोरी तालुक्यांत द्राक्षांच्या काढणीला वेग येतो. बहुतेक घड खाण्यासाठी बाजारात किंवा परदेशी रवाना होतात. काही मळ्यांतील घड मात्र वेगळे दिसतात. त्यांचे मणी लहान, साल जाड आणि आत बिया असतात. पहाटेच्या गारव्यात खुडून ते थेट वाईन तयार करणाऱ्या कारखान्यात नेले जातात. ताटात ठेवण्यासाठी ही द्राक्षे नव्हेत. त्यांची खरी परीक्षा पुढे कित्येक महिन्यांनी, कोणाच्या तरी जिभेवर होणार असते.

ही परीक्षा घेणारा नेहमीच तज्ज्ञ असतो असे नाही. नोकरी-व्यवसाय सांभाळून, हौसेने वाईन चाखणारे, टिपणे ठेवणारे आणि कोणत्या पदार्थाबरोबर कोणती वाईन जुळते याचा विचार करणारे रसिक आता आपल्याकडेही आढळतात. वरवर पाहता हा श्रीमंती छंद वाटतो. परंतु त्यामागे काही शास्त्र आहे, शिस्त आहे आणि द्राक्ष उत्पादकाच्या हिताशी त्याचा निकटचा संबंधही आहे.

चव घडते ती मळ्यात

वाईन म्हणजे द्राक्षाचा आंबवलेला रस. यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव रसातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर करतात. पांढऱ्या वाईनसाठी रस सालीपासून लवकर वेगळा केला जातो. तांबड्या वाईनसाठी तो सालीसकट आंबवला जातो; त्यामुळे सालीतील रंग आणि साल-बियांतील तुरटपणा रसात उतरतो. या तुरट द्रव्यांना टॅनिन म्हणतात. जांभूळ किंवा कच्चे केळे खाल्ल्यावर तोंड कोरडे पडल्यासारखे होते, तोच हा गुण.

द्राक्ष पिकत असताना त्यातील साखर वाढते आणि आम्लता उतरते. हवा उष्ण असेल तर आम्ल झपाट्याने घटते. रात्री थंड असतील तर ते टिकून राहते. महाराष्ट्रातील बागायतदार वेलीची वर्षातून दोनदा छाटणी करतात : उन्हाळ्यात खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी. त्यामुळे पीक हिवाळ्याच्या अखेरीस हाती येते आणि रात्रीच्या गारव्याचा लाभ मिळतो. काढणी आठवडाभर लवकर किंवा उशिरा झाली तरी त्याची खूण वाईनमध्ये राहते. म्हणूनच वाईन चाखणे म्हणजे एका अर्थाने त्या मळ्याचा हंगाम वाचणे होय.

चाखण्याची रीत

जाणकार चाखणारा घोट घेण्याची घाई करीत नाही. तळाशी फुगीर व तोंडाशी निमुळत्या पेल्यात तो थोडीच वाईन घेतो. अशा पेल्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९७७ साली ठरविण्यात आले. प्रथम पांढऱ्या कागदावर पेला तिरका धरून रंग पाहिला जातो. तांबडी वाईन जुनी होत जाते तशी तिच्या कडेला विटकरी छटा येते. पांढरी वाईन जुनी होताना अधिक पिवळी दिसते. नंतर पेला हलकेच फिरवून वास घेतला जातो, कारण ज्याला आपण चव म्हणतो तिचा मोठा भाग वस्तुतः गंधाचा असतो. सर्दी झाली असता जेवण बेचव लागते, ते याच कारणाने.

यानंतर लहानसा घोट तोंडात घोळवून पाच गोष्टी पाहिल्या जातात : गोडी, आम्लता, तुरटपणा, मद्यार्काची ऊब आणि चव किती वेळ रेंगाळते. मग तो घोट थुंकून टाकला जातो. एका बैठकीत अनेक नमुने तपासणाऱ्या परीक्षकांची हीच रीत आहे. चहाचे व्यावसायिक परीक्षकही असेच करतात. नशा चढली की पारख संपते, हा या विद्येचा पहिला नियम आहे. दोन नमुन्यांच्या मध्ये पाणी आणि साधा पाव घ्यावा, अत्तर लावू नये, पान-तंबाखू टाळावी, ही पथ्येही त्याच हेतूने पाळली जातात.

डोळ्यांची फसवणूक

चाखणाऱ्याला सर्वांत मोठा धोका पूर्वग्रहाचा. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फ्रान्समधील बोर्दो येथे वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाईन गंधहीन तांबडा रंग मिसळून देण्यात आली. तिचे वर्णन करताना त्यांनी तांबड्या वाईनसाठी वापरले जाणारे शब्द योजले. डोळ्यांनी नाकावर मात केली होती.

म्हणून गंभीर परीक्षेत बाटलीवरील नाव झाकले जाते. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या ब्रिटिश व्यापाऱ्याने अशीच एक चाचणी घेतली. फ्रेंच परीक्षकांनी नाव न पाहता गुण दिले आणि तांबड्या व पांढऱ्या अशा दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाच्या वाईन पहिल्या आल्या. वाईनच्या जगात नवख्या समजल्या जाणाऱ्या प्रदेशाला त्या एका दिवसाने प्रतिष्ठा मिळवून दिली. नाशिकसारख्या तरुण प्रदेशालाही त्यात बोध आहे : पारख निःपक्षपाती असेल तर गुण लपून राहत नाहीत.

शब्दांची गरज

‘छान’ किंवा ‘बरी नाही’ एवढ्याने उत्पादकाला काहीच कळत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधिका अ‍ॅन नोबल यांनी १९८४ साली गंधांचे एक चक्र तयार केले. मध्यभागी ‘फळे’, ‘फुले’, ‘मसाले’ असे व्यापक वर्ग आणि बाहेरच्या कडेला नेमके गंध, अशी त्याची मांडणी आहे. त्यामुळे चाखणाऱ्यांना समान भाषा लाभली.

मराठी रसिकाला परक्या फळांची नावे पाठ करण्याचे कारण नाही. पेरू, कैरी, गवती चहा, जांभूळ, लवंग, भाजलेले जिरे हे गंध त्याच्या नाकात लहानपणापासून आहेत. सोव्हिन्याँ ब्लाँ या जातीच्या वाईनमध्ये हिरव्या ढोबळी मिरचीचा गंध येतो, कारण दोहोंत एकाच प्रकारचे द्रव्य असते. शिराझच्या काही वाईनमध्ये काळ्या मिरीचा वास येतो. त्याला कारणीभूत असणारे रोटंडोन हे द्रव्य मिरीतही असते, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले. अशा वर्णनामागे केवळ कल्पनाविलास नसतो, हे यावरून स्पष्ट होईल.

ताटातील जोड

पदार्थ आणि वाईन यांची सांगड घालण्याचे नियम थोडे आहेत आणि ते स्वयंपाकघरातील अनुभवाशी जुळणारे आहेत.

पहिला नियम आम्लतेचा. तळलेल्या बोंबलावर आपण लिंबू पिळतो, कारण आंबटपणाने तेलकटपणा कापला जातो. आम्लता चांगली असलेली पांढरी वाईन तेच काम करते. पदार्थच आंबट असेल, उदाहरणार्थ चिंचेचा कोळ घातलेला, तर वाईन निदान तितकी आंबट हवी. नाहीतर ती मचूळ लागते.

दुसरा नियम तुरटपणाचा. टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटते, म्हणून तोंड कोरडे पडते. पदार्थात प्रथिने आणि स्निग्धांश भरपूर असतील तर हा कोरडेपणा सौम्य होतो. यामुळेच तांबडी वाईन सुक्या मटणाबरोबर शोभते. माशाबरोबर मात्र ती पुष्कळदा बिघडते. वाईनमधील लोहामुळे माशाचा उग्र वास बळावतो, असे जपानी संशोधकांना २००९ साली आढळून आले.

तिसरा नियम तिखटाचा, आणि आपल्याकडे तो सर्वांत महत्त्वाचा. मद्यार्क मिरचीची आग वाढवतो. तुरटपणाही ती अधिक बोचरी करतो. किंचित गोडी मात्र ती शमवते. तेव्हा कोल्हापुरी तांबड्या रश्श्याशेजारी जडशीळ तांबडी वाईन ठेवणे चूक ठरेल. किंचित गोड आणि थंड केलेली शेनिन ब्लाँ अधिक बरी.

चौथा नियम गोडाचा. वाईन पदार्थापेक्षा गोड हवी. पुरणपोळीबरोबर साधी वाईन केवळ आंबट लागते. तेथे घड वेलीवर अधिक काळ राखून केलेली गोड वाईनच टिकाव धरते.

पारख आणि संयम

मद्य हे मद्यच आहे, मग ते द्राक्षाचे का असेना. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. भारतीय संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदात मादक पेयांच्या सेवनावर बंदी आणण्याचे मार्गदर्शक तत्त्व नमूद आहे. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, आणि व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरे गावागावांतील पंचायत सदस्यांना ठाऊक आहेत. जो पीत नाही त्याने या छंदासाठी पिण्यास आरंभ करावा, असे कोणताही विचारी मनुष्य म्हणणार नाही.

तथापि पारखण्याची ही रीत केवळ वाईनची मिरास नव्हे. नाव झाकून तीन गावांचा गूळ चाखणे, दोन वाणांच्या तांदळाच्या भाताचा वास ओळखणे, हापूस आणि पायरी यांतील फरक नेमक्या शब्दांत मांडणे, हे शाळेच्या वर्गातही करता येईल. निरीक्षण, भाषा आणि निःपक्षपातीपणा या तिन्हींचा तो उत्तम पाठ ठरेल.

उत्पादकाचा आधार

पारख करणारा ग्राहक नसला तर काय घडते, याचा अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. नाशिक जिल्ह्यातील विंचूर आणि सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाईन पार्कची उभारणी झाली. शेतकऱ्यांनी मोठ्या उमेदीने वाईनच्या वाणांची लागवड केली. परंतु २००८ च्या जागतिक मंदीनंतर मागणी खालावली, साठे पडून राहिले आणि कारखान्यांनी खरेदी आखडती घेतली. खाण्याची द्राक्षे एका व्यापाऱ्याने नाकारली तर दुसरा घेतो. बियांची, जाड सालीची ही द्राक्षे बाजारात कोण घेणार? कित्येक शेतकऱ्यांना उभ्या बागा उपटून टाकाव्या लागल्या.

या आपत्तीमागे मंदी होती, तसेच उत्पादन आणि जाणकार मागणी यांतील तफावतही होती. लागवड एका हंगामात वाढविता येते. जाण वाढण्यास वर्षे लागतात. कोणतेही नवे पीक गावात येत असता ते कोण घेणार, कशासाठी घेणार आणि त्याचा गुण कोण ओळखणार, हे प्रश्न रोपे लावण्यापूर्वी आणि खरेदीचा करार करण्यापूर्वी ग्रामसभेत विचारले गेले पाहिजेत. चाखणारा आपल्या वहीत ज्या दोन ओळी लिहितो, त्यांच्या मागे कोणाची तरी खरड छाटणी, कोणाचे तरी कर्ज आणि कोणाची तरी थंडीतली पहाट उभी असते.