संकेत न पोचणाऱ्या गावांनी निरोपाची तजवीज कशी करावी

मोट गेली व तेलावरचे इंजिन आले, इंजिन गेले व विजेचा पंप आला. त्याच ओघात मोबाईल फोन हे शेतकऱ्याचे एक नित्याचे अवजार होऊन बसले आहे. बाजारभाव विचारणे, पंप सुरू वा बंद करणे, पीकपाहणीची नोंद करणे, रात्री अपरात्री डॉक्टरास बोलावणे ही सर्व कामे त्याच्यावर अवलंबून राहू लागली आहेत. परंतु नांदेड जिल्ह्यातील किनवट व माहूर या तालुक्यांच्या सागवानी डोंगरांत, तसेच लातूरकडे बालाघाटाच्या खोलगट शिवारांत हे अवजार ऐन वेळी मुके होते, असा अनुभव पुष्कळांस आला असेल. अशा ठिकाणच्या शेतकरी बंधूंनी कोणती तजवीज करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम संकेत का पोचत नाही, हे समजून घेतले पाहिजे. मनोऱ्यावरून निघणाऱ्या लहरी बहुतांशी उजेडाप्रमाणे सरळ जातात. डोंगराआड जशी उन्हाची सावली पडते, तशीच या लहरींचीही पडते. आणि दाट झाडीची ओली पाने त्यांचा काही अंश शोषून घेतात. सर्व लहरी सारख्याही नसतात. 700 अथवा 900 मेगाहर्ट्झच्या लहरी 2,300 मेगाहर्ट्झच्या लहरींपेक्षा दूर पोचतात व अडथळ्यास वळसा घालण्यास अधिक समर्थ असतात. एकाच ओट्यावर बसलेल्या दोघांपैकी एकाचा फोन लागतो व दुसऱ्याचा लागत नाही, याचे कारण पुष्कळदा मनोऱ्याचे अंतर व लहरींचा हा भेद यांतच असते.

हा झाला कायमचा अडथळा. दुसरा तात्पुरता, पण अधिक घातक असतो. मनोऱ्यास वीज लागते. वीज गेल्यावर तेथील बॅटऱ्या काही तासच टिकतात. पुढे जनित्रात तेल नसेल, किंवा पुराने रस्ता तुटून तेल पोचत नसेल, तर मनोरा उभा असूनही निकामी होतो. ज्या गावास संकेताची सवय नाही, ते निदान सावध असते. ज्यास रोजची सवय आहे, ते अशा रात्री पुरते गोंधळून जाते.

असे प्रसंग आपल्या भागास नवे नाहीत. दिनांक 30 सप्टेंबर 1993 रोजी, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे दहा हजार माणसे त्यात दगावली. त्या वेळी मोबाईल आपल्या देशात आलाच नव्हता. त्यावरील पहिले संभाषण 31 जुलै 1995 रोजी झाले. गावोगावचे मोजके दूरध्वनी निरोपांच्या त्या लोंढ्यास पुरणे शक्य नव्हते. तेव्हा ज्यांनी स्वखुशीने आपली बिनतारी यंत्रे आणून निरोपांची देवाणघेवाण चालविली, ते हौशी रेडिओचालक होते. हा त्यांचा धंदा नव्हता. केवळ छंद म्हणून त्यांनी परीक्षा देऊन परवाना घेतलेला होता. अलीकडे ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यातील रावणगाव, हसनाळ आदी गावे पुराच्या पाण्याने वेढली गेली व सैन्याची मदत घ्यावी लागली. या दोन्ही प्रसंगांवरून एकच गोष्ट ध्यानात येते. यंत्र कोणतेही असो, निरोपाची वाट आधी आखलेली असेल तरच तो संकटाच्या वेळी पोचतो.

आता उपाय पाहू. पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. दोन तीन निरनिराळ्या कंपन्यांचे फोन घेऊन गावाची शीव फिरावी व कोणाचा संकेत कोठे मिळतो, हे कागदावर उतरून घ्यावे. देवळाचा ओटा, शाळेची गच्ची, एखादी टेकडी अशी एक जागा हटकून सापडते. ती जागा लहानथोरांस ठाऊक असावी. मात्र विजा कडाडत असता उघड्या माळावर अथवा एकट्या झाडाखाली जाऊन कोणी फोन लावू नये. निरोपापेक्षा जीव मोलाचा.

दुसरे असे की, संकेत क्षीण असता बोलण्याचा हट्ट न धरता लेखी संदेश पाठवावा. बोलण्यास अखंड संकेत लागतो. लहानशा संदेशास तो क्षणभर मिळाला तरी पुरतो. घेणाऱ्याचा फोन त्या वेळी बंद असला, तर तो संदेश कंपनीच्या केंद्रात काही काळ राखला जातो व पुन्हा पाठविला जातो. संकेत नसताना फोन तो सारखा शोधत राहतो व त्यात त्याची बॅटरी उतरते. म्हणून काम नसता विमानाचे चिन्ह दाबून हा शोध थांबवावा.

तिसरे, आपल्या कंपनीचा संकेत नसला तरी दुसऱ्या कंपनीचा असेल, तर 112 हा तातडीचा क्रमांक त्यावरून लागू शकतो. तो लावून पाहण्यास कचरू नये. शिवाय सरकारी निधीतून उभारलेल्या मनोऱ्यांवर एका कंपनीच्या ग्राहकास दुसरीचा संकेत वापरता यावा, अशी योजना जानेवारी 2025 पासून सुरू झाली आहे.

चौथे, ज्या ग्रामपंचायतीत भारतनेटचा काचतंतू आला असून तो चालू आहे, तेथे वाय-फायवरून नेहमीच्याच क्रमांकावर बोलता येते. मनोऱ्याची गरज पडत नाही. ही सोय देशात डिसेंबर 2019 पासून मिळू लागली. बहुतेक नव्या फोनांत ती असते. केवळ चालू करावी लागते. मात्र पंचायतीच्या यंत्रास वीज गेल्यावर चालणारी बॅटरी जोडलेली असावी.

पाचवे, वस्ती व शेत यांमधील थोड्या अंतरासाठी हातात धरावयाचे वॉकीटॉकी उपयोगी पडतात. 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील अल्प शक्तीच्या यंत्रांस 2018 पासून वेगळा परवाना लागत नाही. याहून दूरच्या निरोपासाठी गावातील एखाद्या शिकलेल्या तरुणाने हौशी रेडिओची परीक्षा द्यावी. वयाची 12 वर्षे पूर्ण झालेल्या कोणासही ती देता येते.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. संकेत वाढविणारी यंत्रे म्हणून बाजारात जी विकली जातात, ती परवानगीवाचून लावणे बेकायदेशीर आहे. त्यांच्यामुळे आसपासच्या लोकांचाही संकेत बिघडतो. तसेच उपग्रहावरून चालणारा फोन सरकारी परवानगीशिवाय बाळगणे गुन्हा आहे. परगावचा पाहुणा सहज देतो म्हणून असे यंत्र घरात ठेवू नये.

शेवटचा उपाय यंत्राचा नसून माणसांचा आहे. पूर्वी कोतवाल एका गावचा निरोप दुसऱ्या गावी पोचवीत असे. महसूल खात्यातील नोकरीत मी अशी पुष्कळ टपाले नोंदविली आहेत. त्यांत वेळ लागे; परंतु निरोप कोणी कोणास द्यावयाचा, याविषयी संशय नसे. तीच शिस्त आज हवी. संकेताच्या जागेपर्यंत कोण जाईल, तो नसल्यास दुसरा कोण, शेजारच्या गावी कोणास कळवावयाचे, पोलीसपाटील, तलाठी, दवाखाना व तहसील कचेरी यांचे क्रमांक कोणते, हे सर्व कागदावर लिहून पंचायतीच्या व शाळेच्या भिंतीवर लावावे. फोनमध्ये साठविलेले क्रमांक बॅटरी उतरली की हाताशी राहत नाहीत, भिंतीवरचे राहतात.

गावास मुळीच संकेत नसेल, तर ग्रामसभेचा ठराव करून तो जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा व त्याची पोच घ्यावी. संकेतविरहित 24,680 गावांत चौथ्या पिढीची सेवा नेण्यास केंद्र सरकारने जुलै 2022 मध्ये मंजुरी दिली आहे. आपले गाव त्यात आले आहे की नाही, याची लेखी विचारणा करणे हे गावाचेच काम आहे.

मृगापूर्वी आपण बांध पाहतो, बियाणे पाहतो, घर शाकारतो. त्याच दिवसांत एका संध्याकाळी निरोपाची ही वाट एकदा चालवून पाहावी. वस्तीच्या शेवटच्या घरापासून तालुक्यापर्यंत निरोप जाण्यास किती वेळ लागला, तो मांडून ठेवावा, आणि पुढील वर्षी तो कमी कसा होईल हे पाहावे. सर्पदंश झालेल्या मुलास अथवा पुरात अडकलेल्या कुटुंबास तेवढ्या वेळाचाच काय तो आधार असतो.