टप हाताचा कीं यंत्राचा ?

मोटारीला छप्पर असावें कीं नसावें, हा प्रश्न वस्तुतः मोटारीहूनहि जुना आहे. ऊन-पाऊस चुकवावा ही मनुष्याची एक इच्छा, आणि मोकळा वारा अंगावर घ्यावा ही दुसरी. या दोन इच्छांची जी तडजोड झाली, तिचें नांव घडीचा टप. मुंबईच्या समुद्रकांठीं फिरणाऱ्या व्हिक्टोरिया गाड्या ज्यांनीं पाहिल्या असतील, त्यांना हा टप चांगला परिचित आहे. २०१५ सालच्या उच्च न्यायालयाच्या निर्णयानें त्या गाड्यांचे दिवस भरले. तथापि त्यांच्या पाठीशीं पंख्यासारखा मिटून बसणारा तो काळा टप आजहि पुष्कळांच्या डोळ्यांसमोर असेल. खालीं बिजागऱ्या, त्यांवर कमानी आणि कमानींवर ताणलेलें कापड. एवढीच त्याची रचना. दोन माणसांपुरती, चपळ आणि केवळ चालविण्याच्या आनंदासाठीं बांधलेली जी उघडी स्पोर्ट्स मोटार, तिच्या डोक्यावरहि मूलतः हीच रचना आहे.

फरक पडला तो पुढें. व्हिक्टोरियाचा टप गाडीवान हातानें पाडीत असे. आजच्या बऱ्याच उघड्या मोटारींत बटण दाबलें कीं टप आपण होऊन उठतो, मागें जातो आणि झांकणाखालीं दिसेनासा होतो. कांहीं मोटारींत मात्र अद्यापि खटका सोडून, हात मागें नेऊन, तो स्वतःच मिटावा लागतो. यांपैकीं चांगला कोणता, यावरून अशा मोटारींच्या शौकिनांत दोन तट पडलेले आहेत. वरवर पाहतां हा वाद हौशी लोकांचा वाटेल. परंतु इंग्लंड-अमेरिकेंत स्थायिक झालेल्या आपल्या मुलामुलींपैकीं कोणी अशी मोटार घ्यावयाची म्हटली, म्हणजे तो घरच्या बैठकींत येऊन पोंचतो. आणि मोटार एकदां घेतली कीं टपाचा प्रकार मागाहून सहसा बदलतां येत नाहीं. शिवाय, कोणतें काम यंत्राच्या हवालीं करावें आणि कोणतें आपल्या हातीं ठेवावें, हा प्रश्न तर प्रत्येक घरांत रोजचाच आहे. म्हणून या विषयाचा थोडा विचार करणें अस्थानीं होणार नाहीं.

दोहोंची रचना

हाताच्या टपांत मोडण्याजोगें असें फारच थोडें असतें. पोलादी किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा सांगाडा, त्याचे सांधे, कमानी, भार तोलून धरणारी एखादी स्प्रिंग आणि पुढच्या कांचेच्या चौकटीला पकडणारा एक किंवा दोन खटके. वर कापड. हें कापड साधें नसतें. चांगल्या टपाचें कापड तीन थरांचें असतें. बाहेरच्या बाजूस घट्ट विणलेलें कृत्रिम धाग्याचें कापड, मध्यें पाणी अडविणारा रबराचा पातळ थर आणि आंत अस्तर.

यंत्राच्या टपांत हें सर्व तर असतेंच, पण त्यावर आणखी एक संसार मांडलेला असतो. विजेची मोटर पंप फिरविते, पंप तेलाला दाब देतो, तें तेल नळ्यांतून जाऊन दट्ट्यांना ढकलतें आणि दट्टे सांगाड्याला उचलतात. कांहीं गाड्यांत तेलाऐवजीं विजेची मोटर आणि दांतेरी चाकें हेंच काम करतात. याखेरीज प्रत्येक भाग आपल्या जागीं पोंचला कीं नाहीं हें कळविणारीं लहान लहान बटणें ठिकठिकाणीं बसविलेलीं असतात. त्यांपैकीं एकानें जरी चुकीची वर्दी दिली, तरी सारी मिरवणूक वाटेंतच थांबते. आणि टप धड उघडा नाहीं, धड मिटलेला नाहीं, अशा अवस्थेंत मोटार रस्त्याच्या कडेला उभी राहते.

शंभर वर्षांच्या आंतला इतिहास

यंत्राच्या टपाची कल्पना कांहीं आजची नव्हे. १९३९ सालीं अमेरिकेंतील प्लिमथ कंपनीनें निर्वात नळकांड्यांच्या जोरावर आपोआप मिटणारा कापडी टप आपल्या मोटारींना बसविला. मोठ्या संख्येनें विकल्या जाणाऱ्या मोटारींत असा टप तोंवर कोणी दिलेला नव्हता. त्याच्याहि आधीं फ्रान्समध्यें एक नवल घडलें होतें. जॉर्ज पॉलँ नांवाचा एक दंतवैद्य होता; दांतांची चिकित्सा हा त्याचा व्यवसाय आणि मोटारींच्या आकृत्या काढणें हा त्याचा ध्यास. कापडी नव्हे, तर पत्र्याचें अखंड छप्परच उचलून मागच्या डिकींत लपविण्याची युक्ति त्यानें शोधून काढली आणि प्यूजो कंपनीनें ती आपल्या मोटारींत आणली. पुढें महायुद्धांत हा गृहस्थ जर्मनांविरुद्धच्या गुप्त चळवळींत पडला, आणि १९४२ सालीं जर्मनांनीं त्याला गोळ्या घालून ठार केलें. आज बटण दाबून पत्र्याचें छप्पर मिटणाऱ्या किती जणांना या दंतवैद्याची आठवण होत असेल ?

त्याच्या कल्पनेवर बनलेल्या मोटारींची एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीनें फार बोलकी आहे. १९३५ च्या सुमारास निघालेल्या प्यूजो ४०२ या मोटारीचें छप्पर आरंभीं विजेच्या शक्तीनें हालत असे. पण १९३६ मध्यें तें काढून टाकून त्याजागीं हातानें मिटणारें छप्पर देण्यांत आलें. म्हणजे यंत्राकडून पुन्हां हाताकडे येण्याचा प्रसंग अगदीं प्रथमच्याच पिढींत आला होता. पुढें १९५७ सालीं फोर्ड कंपनीनें स्कायलायनर नांवाची मोटार काढली. तिचें पत्र्याचें छप्पर पाहण्यास रस्त्यावर गर्दी जमे. पण त्या एका छपरासाठीं सुमारें सहाशें फूट तार मोटारीच्या अंगांत खेळविलेली होती. ती मोटार तीनच वर्षें चालली. १९५९ नंतर ती निघाली नाहीं.

वजनाचा हिशेब

स्पोर्ट्स मोटारीचें सारें सौंदर्य तिच्या हलकेपणांत आहे. वळणावर ती जी चटकन् वळते, ब्रेक लावतांच जी जागच्या जागीं थांबते, तें हलकेपणाचेंच फळ. त्यांतहि टप हा मोटारीच्या सर्वांत उंच भागीं असल्यामुळें त्याचें वजन अधिक जाणवतें. जपानच्या माझ्दा कंपनीची एम्एक्स-५ ही लहानशी मोटार १९८९ सालीं निघाली. २०१६ पर्यंत तिच्या दहा लक्ष मोटारी तयार झाल्या होत्या. तिचा कापडी टप हातानेंच मिटावा लागतो. २००६ सालीं याच मोटारीला विजेनें मिटणारें कठीण छपराचें एक भावंड आलें. त्याचें वजन कापडी टपाच्या मोटारीपेक्षां छत्तीस-सदतीस किलोंनीं अधिक होतें. एक शाळकरी मूल कायमचें पाठीमागें बसविण्यासारखेंच हें झालें.

याच्या उलट टोकाचें उदाहरण जर्मनीचें आहे. पोर्शे कंपनीच्या बॉक्स्टर मोटारीचा यंत्राचा टप २०१२ सालच्या पिढीपासून सुमारें नऊ सेकंदांत, तोहि ताशीं ५० किलोमीटर वेगानें मोटार चालूं असतां, उघडत असे. कौशल्याची ही पराकाष्ठाच म्हणावयाची. परंतु त्याच घराण्यांतील अत्यंत वेगवान मोटार, स्पायडर आर्एस्, २०२३ सालीं निघाली, तेव्हां तिला कंपनीनें यंत्राचा टप दिला नाहीं. दोन तुकड्यांचा, हातानें चढवावयाचा हलका टप दिला. त्याचें सर्व सामानासह वजन १८ किलोंच्या थोडेंसें वर भरतें. बॉक्स्टरच्या टपापेक्षां तें १६॥ किलोंनीं कमी आहे. ज्यांना उत्तम यंत्र करतां येतें, त्यांनींच तें जाणूनबुजून बाजूस ठेवावें, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

यंत्राच्या बाजूनें

एवढ्यावरून यंत्राचा टप म्हणजे केवळ आळशी लोकांची चैन, असें म्हणणें अन्यायाचें होईल. प्रत्येकाचा खांदा सारखा नसतो. बसल्या जागेवरून हात डोक्यावरून मागें नेऊन ओझें ओढावयाचें, हें पंचविशींतल्या तरुणाला खेळ वाटेल. पण साठी उलटलेल्या गृहस्थाला, सांधे धरलेल्या बाईला किंवा बुटक्या बांध्याच्या माणसाला तेंच संकट वाटेल. उघडी मोटार पुष्कळ जण मुलें मार्गी लागल्यावर, उतार वयांत घेतात; त्यांना बटणाचा आधार वाटला तर त्यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. शिवाय अवचित सर आली असतां, मोटार थांबविण्यास जागा नसलेल्या रस्त्यावर, चालत्या गाडींत मिटणारा टप खरोखरीचा उपकार करतो.

दुसरी गोष्ट संवयीची. जो टप उघडणें जड जातें, तो आळसानें मिटलेलाच राहतो, आणि मग उघडी मोटार घेतल्याचा अर्थच उरत नाहीं. जुन्या इंग्लिश मोटारींचा अनुभव असाच होता. त्यांचा टप चढविणें म्हणजे तंबू ठोकण्याचाच प्रकार; सांगाडा उभारावयाचा, कापड ताणावयाचें, बटणें लावावयाचीं आणि बाजूचे पडदे वेगळे अडकवावयाचे. तोंपर्यंत पाऊस आपलें काम उरकून निघून जाई. यंत्राच्या टपाची मागणी अशाच त्रासांतून वाढली.

परंतु येथें एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. त्रास हा हाताचा दोष नव्हता. तो रचनेचा दोष होता. एम्एक्स-५ ची चालूं पिढी २०१५ सालीं बाजारांत आली. तिच्यांत मधोमध एकच खटका आहे. तो सोडला कीं बसल्या जागेवरून एका हातानें टप मागें जातो, आणि कामाला चारपांच सेकंदांहून अधिक वेळ क्वचितच लागतो. तिच्याच कठीण छपराच्या भावंडाला यंत्राच्या साह्यानें तेरा सेकंद लागतात. याचा अर्थ असा कीं, रचनाकारानें मनावर घेतलें, तर हाताचें काम यंत्राहून चटकन् आणि सुखानें होऊं शकतें. आणि एक मध्यममार्गहि आहे. १९९९ ते २००९ या काळांत निघालेल्या होंडा एस्-२००० या मोटारींत कांचेच्या चौकटीवरचे दोन खटके हातानें सोडावयाचे आणि पुढचें ओझें वीज उचलीत असे.

जतन आणि वारसा

आपल्याकडील कुटुंबांत वस्तु घेतांना ती किती वर्षें टिकेल हें प्रथम पाहतात, आणि तेंच योग्य आहे. या कसोटीवर हाताचा टप उजवा ठरतो. पंधरा-वीस वर्षांनीं त्याचें कापड विरलें, तर नवें कापड चढवून तो पुन्हां उभा राहतो. यंत्राच्या टपाचेंहि कापड बदलतां येतें. पण तेवढ्या काळांत तेलाच्या नळ्या झिरपूं लागतात, तारा वारंवार दुमडून आंतून तुटतात आणि दोष कोठें आहे हें हुडकण्याची मजुरीच दोष दुरुस्त करण्याच्या खर्चाहून अधिक होऊन बसते. म्हणून जुनी मोटार विकत घेणाऱ्यानें यंत्राचा टप आपल्या देखत निदान दोन वेळां पुरा उघडून व मिटून घ्यावा. आणि वीज बंद पडल्यास तो हातानें कसा मिटावयाचा, हें मोटारीबरोबरच्या पुस्तकांत आधींच वाचून ठेवावें.

जतनाचे नियम मात्र दोहोंना सारखेच आहेत. ओला टप मिटून ठेवूं नये. घडींत ओल राहिली कीं बुरशी धरते. कोंकणच्या पावसाळ्यांत ज्यांनीं छत्र्या व बिछाने सांभाळले आहेत, त्यांना हें सांगावयास नको. कापड मऊ ब्रशानें व साध्या पाण्यानें धुवावें. टपाच्या बुडाशीं पाणी निचरण्याच्या नळ्या असतात. त्यांत पाला-पाचोळा अडकला कीं पाणी आंत तुंबतें. हाताच्या टपांत त्यानें बैठक भिजते; यंत्राच्या टपांत पंपच बुडण्याचा संभव असतो. मागची खिडकी पारदर्शक प्लॅस्टिकची असेल, तर ती थंडींत दुमडूं नये, ती तडकते. एम्एक्स-५ च्या पहिल्या पिढींत अशीच खिडकी होती, आणि टप मिटण्यापूर्वीं तिची सांखळी उघडून ती सपाट पाडणें इष्ट असे. १९९८ सालच्या दुसऱ्या पिढीपासून तेथें कांच आली.

आपल्या प्रांतांतहि हाताचा टप अनोळखी नाहीं. नाशिक येथें तयार होणारी महिंद्र कंपनीची थार ही गाडी २०२० सालीं नव्या रूपांत आली, तेव्हां ती हातानें मिटावयाच्या कापडी टपासहहि मिळत असे. ती स्पोर्ट्स मोटार नव्हे, डोंगरवाटांची गाडी. तथापि टपाचें तत्त्व तेंच.

निवड कशी करावी

तेव्हां निवाडा काय ? मोटार कोण चालविणार, हें प्रथम पाहावें. दोघांपैकीं एकाचाहि खांदा दुखरा असेल, तर यंत्राचा टप संकोच न करतां घ्यावा. जी वस्तु घरांतील एकालाच वापरतां येते, ती घरची म्हणतां येत नाहीं. मोटार तीन-चार वर्षांतच बदलावयाची असेल, तरीहि यंत्राला हरकत नाहीं. त्याचीं दुखणीं बहुधा उतार वयांत निघतात. पण मोटार दीर्घकाळ ठेवावयाची असेल, शरीर धड असेल आणि चालविण्याची खरी आवड असेल, तर हाताचाच टप पसंत करावा. मात्र तो विकत घेण्यापूर्वीं दुकानांत, बैठकीवर बसून, पतीनें एकदां व पत्नीनें एकदां स्वतः उघडून पाहावा. विक्रेत्यानें करून दाखविलेल्यावर विसंबूं नये.

यंत्र मनुष्याचे कष्ट वांचवितें तेथें तें देवासारखें आहे. पण ज्या कामांत कष्ट नव्हतेच, केवळ पांच सेकंदांची हालचाल होती, तें काम वांचविण्यासाठीं पंप, तेल, तारा आणि दुरुस्तीचा खर्च पदरीं घेणें हा कांहीं काटकसरीचा व्यवहार नव्हे. आपल्या हातास काय झेपतें, हें ज्याचें त्यानें प्रामाणिकपणें ओळखावें आणि त्याप्रमाणें टप निवडावा. मग तो हातानें उघडो कीं बटणानें, वरचें आभाळ दोघांनाहि सारखेंच दिसणार आहे.