रद्दीच्या ढिगातलं धन

आठवडी बाजाराला गेलात की मीठ-मिरची, दोर, बी-बियाणं पिशवीत टाकून आपण लगोलग एस.टी. गाठतो. पुढच्या खेपेला दहा मिनिटं जास्त काढा आणि पेठेतल्या रद्दीवाल्याकडं डोकावून बघा. वह्या-वर्तमानपत्रांच्या ढिगाखाली एखादं जुनं पुस्तक हमखास दबलेलं असतं. नव्याच्या किमतीला बिचकणारा माणूसही ते सहज घेऊ शकतो.

जुन्या पुस्तकांसाठी पुण्याचा अप्पा बळवंत चौक आणि मुंबईत फ्लोरा फाउंटनचा फुटपाथ नावाजलेले. पण धन काही शहरातच सापडतं असं नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ सालचा. पाटील, कुळकर्णी, बलुतेदार यांचा व्यवहार कसा चाले, हे त्यात वाचा. आज ग्रामपंचायतीत बसणाऱ्यालाही त्यातून पुष्कळ उमगेल.

जुन्या पुस्तकाची गंमत निराळीच. पहिल्या पानावर कुणाची सही, समासात पेन्सिलीची खूण, मध्येच वाळलेलं पिंपळपान. आपल्या आधी कुणीतरी हेच पान थांबून वाचलं, हे कळलं की पुस्तकात सोबत मिळते. किंमत रुपये-आणे-पैत छापली असेल तर पुस्तक बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचं समजा. त्या दिवशी नया पैसा आला.

मात्र शेतीचं जुनं पुस्तक घेताना डोळे उघडे ठेवा, बरं का. बांधबंदिस्ती, शेणखत, बी निवडणं, बैलांची निगा याविषयीचं पुष्कळसं आजही कामाला येतं. औषधांची पानं मात्र तशीच अमलात आणू नका. बीएचसीवर १९९७ साली बंदी आली, एंडोसल्फान २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने थांबवलं. जुन्या पुस्तकांत ही नावं बिनदिक्कत भेटतात. तसंच शेर-मणाचं माप ठिकठिकाणी वेगळं असे. आकडा बघून लगेच किलोत धरलात तर फसगत व्हायची. फवारणीआधी सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा.

ग्रामपंचायत आणि महसुलाच्या जुन्या पुस्तकांचंही तेच. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली. त्याआधीचं पुस्तक इतिहास म्हणून वाचावं, ठराव लिहिताना कायद्याची चालू प्रतच हाताशी घ्यावी.

घरी आणलेलं पुस्तक आधी झटका, सावलीत वारा द्या. पानं हळूच उलटून कसर बघा. वाळवीचं भय असेल तर भिंतीला टेकवून ठेवू नका. ओल येणाऱ्या पेटीत तर मुळीच नको.

आणि एक काम आपल्या हातचं. दिवाळीची साफसफाई निघाली की आजोबांची पेटी किलोवर जाते. एकदा लगदा झाला की ते पुस्तक गेलंच. द्यायच्या आधी पेटी उपसून बघा. नको असलेली चांगली पुस्तकं गावच्या वाचनालयाला द्या. वाचनालय नसेल तर ग्रामपंचायतीत किंवा शाळेत एक कपाट मागून घ्या. महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार २०१७ साली 'पुस्तकांचं गाव' झालं, तिथं घराघरांत पुस्तकं मांडली गेली. तेवढं नाही जमलं तरी एका कपाटापासून सुरुवात करायला कुणाची मंजुरी लागते?