छायाचित्राची काटछाट

आपल्या जालना जिल्ह्यांत मोसंबीच्या बागा पुष्कळ आहेत. तेथील कोंवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी एक लहान अळी आढळते. लिंबू-मोसंबीवर अंडीं घालणाऱ्या फुलपाखराची ही अळी होय. या सोंगामुळें पक्ष्यांची दृष्टि चुकते. समजा, तिचें छायाचित्र आपण जवळून काढलें. परंतु भोंवतालच्या फांद्या व ठिबकाची नळीही त्यांत आली. आतां काय करावें ?

प्रथम मूळ चित्र जपून ठेवून त्याच्या प्रतीवर काम करावें. नंतर चौकट आंवळावी. मात्र अळीच्या तोंडापुढें थोडी जागा सोडावी, म्हणजे ती कोणीकडे चालली आहे हें कळतें. येथें हिशेब विसरूं नये. ४००० × ३००० बिंदूंच्या चित्राची लांबी व रुंदी निम्मी केली, कीं १ कोटी २० लाखांपैकीं ३० लाख बिंदूच उरतात. छपाईस इंचाला ३०० बिंदू धरल्यास तें सुमारें साडेसहा इंच लांब छापतां येतें. शेवटीं उजेड बेताचा करावा. परंतु अळीचें डोकेंच अस्पष्ट टिपलें गेलें असेल, तर मागाहून कितीही सुधारणा केली तरी हरपलेला बारकावा परत येत नाहीं.

एक मोह टाळावा. रंग भडक केल्यास अळीचें सोंगच नाहींसें होतें. तसेंच कुरतडलेलें पान विद्रूप म्हणून पुसूं नये. एखाद्या बागाईतदारास हें चित्र दाखविलें, तर त्या कुरतडीवरूनच त्याला ही कीड ओळखतां येईल.