वर धरलेला हात

दिवाळीच्या आगेमागे निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतील द्राक्षबागांत मजुरांच्या टोळ्या उतरतात. त्यांत पेठ-सुरगाण्याकडून आलेली कुटुंबे बरीच असतात आणि त्यांतही स्त्रियांची संख्या मोठी. ऑक्टोबरची गोडी छाटणी उरकली की फेलफुटी काढणे, घडांची विरळणी करणे, औषधाच्या द्रावणात एकेक घड बुडवणे ही कामे एकापाठोपाठ एक येतात. वेली चढवलेल्या असतात पुरुषभर उंचीच्या मांडवावर. साहजिकच बुटक्या बांध्याच्या बाईचे दोन्ही हात सकाळपासून संध्याकाळपर्यंत डोक्याच्या वर राहतात. कात्री लहान असते, घडही हलका असतो. बांधावरून पाहणाऱ्याला हे काम सोपे वाटते. रात्री मात्र तिला कुशीवर झोपता येत नाही.

खांदा ओझ्याने दुखतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि ती खोटी नाही. लासलगावच्या बाजारात कांद्याच्या गोण्या वाहणाऱ्या हमालाला ते कुणी सांगायला नको. एका प्रौढ पुरुषाने हाताने वाहून नेण्याचा भार ५५ किलोंपेक्षा अधिक असेल तर तो तेवढ्यावर आणावा, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली केली. आपल्याकडे माथाडी कामगारांचा कायदा १९६९ साली झाला. ओझे डोळ्यांना दिसते, म्हणून त्याविषयी निदान बोलले तरी गेले. रिकामा हात वर धरून ठेवण्यात श्रम आहेत, हे मात्र सहसा कुणाच्या ध्यानी येत नाही.

माणसाच्या हाताचे वजन त्याच्या एकूण वजनाच्या साधारण ५ टक्के असते. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला हात वर धरताना ३ किलोंचा भार पेलावा लागतो. हा भार पेलणारा सांधाही विलक्षण आहे. दंडाच्या हाडाचा गोल माथा मोठा आणि तो ज्यात फिरतो ती खोबण उथळ; बशीत चेंडू ठेवावा तशी ही रचना. त्यामुळे शरीरातील इतर कोणत्याही सांध्यापेक्षा खांदा अधिक दिशांना वळतो, पण त्याला जागेवर ठेवण्याचे काम हाडांपेक्षा भोवतालच्या चार लहान स्नायूंवर आणि त्यांच्या कंडरांवर पडते. हात खांद्याच्या रेषेवर बराच वेळ राहिला की स्नायूंतील ताण वाढतो, रक्तप्रवाह मंदावतो आणि वरची कंडरा हाडाच्या छताखाली चेपली जाते. एका दिवसाने काही बिघडत नाही. बिघडते ते रोजच्या रोज तेच केल्याने.

या दृष्टीने पाहिले तर द्राक्षबागेतील मजूर आणि शहरातील शिक्षक यांचे दुखणे एकाच घरचे आहे. फळ्याच्या वरच्या कडेपासून लिहायला सुरुवात करण्याची रीत शिक्षकाच्या हाडीमाशी खिळलेली असते. पूर्वी वर्गात लाकडी व्यासपीठ असे. ते गुरुजींचा मान राखण्यासाठी होते असे मानले, तरी त्याने गुरुजींचा खांदाही राखला होता. कचेरीतील कारकुनाचा हात इतका वर जात नाही, पण संगणकाचा माऊस टेबलाच्या टोकाला असला की दिवसभर तो अधांतरी राहतो. शिवाय मान वाकडी करून फोनचा रिसीव्हर खांद्यात दाबून धरण्याची सवय आहेच. कॉलेज रोडवरच्या क्लासला निघालेला विद्यार्थी दोन पट्ट्यांचे दप्तर एकाच खांद्यावर अडकवतो. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत असावे, असा निर्णय राज्य शासनाने २०१५ साली घेतला. पट्टा एका खांद्यावर की दोन्ही, हे काही शासनाला ठरवता येत नाही.

या सवयींहून अधिक घातक सवय दुखणे सुरू झाल्यानंतर लागते. 'हवा धरली', 'वात भरला' असे म्हणून हात अंगाशी धरून ठेवला जातो. आयुर्वेदात 'अवबाहुक' म्हणून वर्णिलेल्या विकाराशी ज्याचे साम्य मानले जाते, त्या गोठलेल्या खांद्याला 'फ्रोझन शोल्डर' हे नाव बोस्टनचे शल्यवैद्य कॉडमन यांनी १९३४ साली दिले. चाळीस ते साठ या वयात तो अधिक आढळतो, पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक, आणि मधुमेह असलेल्यांत तर फारच अधिक. सांध्याभोवतीचे आवरण सुजते, जाड होते, आकसते. आरंभी वेदना, मग ताठरपणा, मग हळूहळू मोकळीक, असा हा प्रवास एक ते तीन वर्षे चालतो. वेणी घालायला हात मागे जात नाही, सदऱ्याच्या बाहीत शिरत नाही. घरातील बाईने हे कुणाला सांगायचे नाही आणि सांगितले तरी 'वयाप्रमाणे होते' असे उत्तर ऐकायचे, हा आपल्याकडचा शिरस्ता. मधुमेह आहे की नाही हे पाहण्याचे निमित्तही त्यात हुकते.

साधी पारख अशी : दुसऱ्याने उचलूनही हात वर जात नसेल तर सांधा आखडला असण्याचा संभव अधिक, दुसऱ्याने उचलल्यास जातो, पण स्वतःहून जात नाही, तर कंडरा फाटल्याची शंका घ्यावी. दोन्ही वेळा डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे, मालीशवाल्याकडून हात ओढून घेणे नव्हे. सांधा आखडत असेल तर सोसेल तेवढी हालचाल चालू ठेवायला सांगतात. टेबलावर चांगला हात टेकून वाकावे आणि दुखरा हात लंबकासारखा सैल झुलू द्यावा, हा व्यायामही कॉडमन यांच्याच नावाने ओळखला जातो. त्याला पैसा लागत नाही.

शिक्षकाने फळ्याचा वरचा भाग सोडून डोळ्यांच्या पातळीवर लिहावे, कारकुनाने माऊस कोपरापाशी ओढून घ्यावा. हे त्यांच्या हातचे आहे. बागेतील बाईच्या हातचे ते नाही. विरळणीचे काम बहुधा एकरावर उक्ते दिलेले असते. मध्ये थांबून हात खाली सोडावा तर टोळी मागे पडते. अलीकडे काही बागांत मांडवाऐवजी इंग्रजी 'वाय' अक्षरासारखी मांडणी दिसते. तीत घड खाली येतात, पण ती निवडताना हिशेब होतो तो एकरी खर्चाचा आणि मालाच्या प्रतीचा. युरोपच्या बाजारात जाणाऱ्या घडातील मण्यांचा आकार मिलिमीटरमध्ये मोजून घेतला जातो. त्या घडाखाली उभ्या राहणाऱ्या बाईच्या पायाखाली वीतभर उंचीचा पाट ठेवला तर तिचे हात तेवढे खाली येतील, आणि तो पाट औषधाच्या एका डब्याहून महाग पडणार नाही.