लग्नाची कॅसेट आणि टीव्हीमागचा कॉम्प्युटर

दादींच्या कपाटात, जानमाजांच्या घडीखाली एक व्हिडिओ कॅसेट होती. अब्बांच्या निकाहाची, 1994 सालची. दादाजान त्यात चालताबोलताना दिसतात, आणि त्यांचा आवाज घरात दुसरीकडे कुठेच नाही. दोन पावसाळ्यांपूर्वी फितीवर बुरशीचे पांढरे ठिपके दिसले, तेव्हा घाबरून आम्ही ती एका दुकानात दिली आणि तिची फाईल करून आणली. पण ती बघायची कशावर? मोबाईल एकाने धरायचा आणि सात जणांनी वाकून बघायचं, हे दादींना जमणारं नव्हतं.

टीव्ही घरात आहे, पण त्यातली ॲप उघडली की एक संपतं न संपतं तोच दुसरं आपोआप सुरू. इशानंतर सगळे एकत्र बसावेत आणि पडद्यावर आपण ठेवलंय तेवढंच दिसावं, अशी आमची इच्छा. म्हणून टीव्हीमागे एक कॉम्प्युटर जोडायचं ठरलं. एका ऑफिसातून निघालेलं, इंटेलच्या चौथ्या पिढीचं आय-थ्री मशीन चाचांनी मिळवून दिलं. एचडीएमआयची वायर लावली, कॅसेट सुरू केली. दादाजान दिसले, पण त्यांनी हात उचलला की हाताच्या कडेला कंगव्याचे दात! दादी म्हणाल्या, “तेव्हा तर असं नव्हतं.”

त्यांचं खरं होतं. आपल्याकडच्या जुन्या कॅमेऱ्यांनी सेकंदाला 25 पूर्ण चित्रं घेतली नाहीत, 50 अर्धी चित्रं घेतली; एकदा विषम ओळी, एकदा सम. जुना डबा टीव्ही ती तशीच एकामागून एक दाखवायचा. कॉम्प्युटर मात्र दोन अर्धी चित्रं एकत्र चिकटवतो, आणि मधल्या क्षणात हललेल्या हाताला दात फुटतात. ही गुंतलेली चित्रं सोडवण्याच्या कामाला डीइंटरलेसिंग म्हणतात. ते सॉफ्टवेअर करू शकतं, ग्राफिक्सची चिपही करू शकते. चिपकडून करून घ्यायचं तर ड्रायव्हर धड हवा.

इथे आम्ही चूक केली. “तुमचे ड्रायव्हर जुने झालेत” म्हणून एक फुकटचं सॉफ्टवेअर सारखं खुणावत होतं. आम्ही होकार दिला. त्याने कुठला तरी भलताच ड्रायव्हर बसवला. टीव्हीवर चित्र राहिलं पण आवाज गेला. दादाजानचा आवाज ऐकण्यासाठी मांडलेला सगळा पसारा, आणि आवाजच नाही! रात्रभर आम्ही स्पीकर तपासत बसलो. एचडीएमआयमधून जाणारा आवाजही ग्राफिक्सच्याच ड्रायव्हरवर चालतो, हे सकाळी कळलं. तेव्हापासून घरात नियम आहे: ड्रायव्हर घ्यायचा तो चिप किंवा मशीन बनवणाऱ्या कंपनीच्याच साईटवरून, बदलण्याआधी रिस्टोअर पॉईंट करायचा, आणि सगळं नीट चाललेलं असताना केवळ नवा आला म्हणून हात लावायचा नाही. खेळ खेळणाऱ्या मुलांना दर महिन्याचा नवा ड्रायव्हर लागत असेल. कॅसेट बघणाऱ्यांना लागत नाही.

दुसरी अडचण रियाधहून आली. भाच्याने उमराहचे व्हिडिओ पाठवले, फोर-के. आमचा टीव्ही फुल एचडी, तरी फाईल आधी पूर्ण उलगडावी लागतेच. हरमचं दृश्य अडखळत सरकू लागलं, पंखा घोंघावू लागला. कारण साधं होतं. नवे फोन एचईव्हीसी नावाच्या पद्धतीने व्हिडिओ दाबून साठवतात, आणि चौथ्या पिढीच्या चिपला ती उलगडता येत नाही. मग सगळा भार प्रोसेसरवर. कुठलाही ड्रायव्हर ही उणीव भरून काढू शकत नाही, कारण ते काम करणारा भागच चिपमध्ये नाही. इंटेलमध्ये सहाव्या पिढीपासून साधं एचईव्हीसी आलं, सातव्यापासून 10 बिटचंही, आणि एव्ही-वन ही आणखी नवी पद्धत अकराव्या पिढीपासून.

दुकानदार म्हणाला, एक ग्राफिक्स कार्ड टाका. त्याने पुढे केलं जीटी 710. स्वस्त आहे, सगळीकडे मिळतं, पण त्यातही एचईव्हीसी उलगडण्याची सोय नाही. म्हणजे पैसे घालून तिथेच. जीटी 1030 मध्ये ती आहे, ते 30 वॅटच्या आसपास वीज घेतं आणि छोट्या डब्यातही बसतं. तरी आम्ही हिशेब केला आणि कार्ड न घेता इंटेलच्या आठव्या पिढीचं जुनं, पुस्तकाएवढं ऑफिस मशीन घेतलं. पंख्याचा आवाज कमी, बिघडायला एक वस्तू कमी.

विंडोज की लिनक्स, यावर घरात बराच वाद झाला. शेवटी लिनक्स मिंट टाकलं. इंटेल आणि एएमडीच्या ग्राफिक्सचे ड्रायव्हर त्यात आधीच असतात, शोधत फिरावं लागत नाही. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर मात्र मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून कंपनीचाच ड्रायव्हर निवडावा. आपोआप येणाऱ्या मुक्त ड्रायव्हरवर बहुतेक कार्डं व्हिडिओ उलगडण्याचं काम करत नाहीत. ज्यांना त्या मशीनवर दुसरं काहीच करायचं नाही, त्यांच्यासाठी लिब्रे-एलेक आहे. मशीन सुरू केलं की थेट चित्रपटांची यादी समोर. आम्हाला मुलांचा अभ्यासही त्याच पडद्यावर हवा होता, म्हणून ते राहिलं.

बघण्यासाठी कोडी. हे 2014 पर्यंत एक्सबीएमसी नावाने चालायचं. फुकट आहे, आणि रिकामं आहे. त्यात काय ठेवायचं ते आपण ठरवतो. बाजारात “सगळं भरलेलं” कोडी घातलेले डबे मिळतात. ते चोरीच्या वाहिन्यांचे असतात, कोडी बनवणाऱ्यांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. दुसऱ्याच्या मेहनतीचा हक मारून तफसीरचे कार्यक्रम बघण्यात कसली बरकत, असं अम्मी म्हणाल्या, आणि तो विषय तिथेच संपला.

कोडीत दोन गोष्टी बदलल्या आणि फरक पडला. ‘ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ हे सेटिंग सुरू केलं, म्हणजे कॅसेटसाठी टीव्ही 50 वर जातो आणि सिनेमासाठी 24 वर. नाहीतर टीव्ही 60 वरच राहतो आणि चालणारा माणूस बारीक हिसके देत चालतो. दुसरी, डीइंटरलेसिंगमध्ये ‘व्हीएए-पीआय’ नावाच्या पर्यायांपैकी बॉब सोडून एमसीडीआय निवडलं. व्हिडिओ चालू असताना कीबोर्डवर ‘ओ’ दाबलं की माहितीच्या ओळी येतात. तिथे एचडब्ल्यू दिसलं तर चिप काम करतेय, एसडब्ल्यू दिसलं तर सगळा बोजा प्रोसेसरवर. उर्दू उपशीर्षकं चौकोन चौकोन दिसत होती. फाईलचं एन्कोडिंग यूटीएफ-8 करून उर्दू अक्षरं असलेला फॉन्ट निवडल्यावर तीही वाचता आली.

कॅसेट दुकानात देणार असाल तर एक मात्र सांगून ठेवा: मूळ एमपेग-टू फाईल तशीच द्या, लहान करून एमपी-फोर नको. लहान करताना काही दुकानांत ती 50 अर्धी चित्रं 25 वर आणली जातात, आणि गेलेली हालचाल मग कुठल्याही ड्रायव्हरने परत येत नाही. आमची फाईल सुदैवाने मूळच होती.

परवा इशानंतर दादी समोर बसल्या. हाताच्या कडा स्वच्छ होत्या. दादाजान कुणाला तरी पान देत म्हणतात, “बसा, बसा, जेवून जायचं.” दादींनी तेवढाच तुकडा चार वेळा लावायला सांगितला. मोबाईलवरचं कोडीचं रिमोट त्यांना जमत नाही, म्हणून आता बिनतारी कीबोर्डच्या मागे जाणाऱ्या बाणावर आम्ही मेंदीच्या कोनाने एक ठिपका दिलाय.