उंची तीच, व्यास साठपट
प्रथिनं शुद्ध करणाऱ्या प्रयोगशाळेतल्या क्रोमॅटोग्राफी कॉलमचा व्यास 1 सेंटिमीटर, आत अ‍ॅगरोजच्या मण्यांचा 20 सेंटिमीटर उंच थर: जेमतेम 16 मिलिलिटर. प्लांटमधला कॉलम 60 सेंटिमीटर व्यासाचा, पण थराची उंची तीच, 20. माल वाढला म्हणून उंची वाढवत नाहीत, कारण प्रथिनाला मण्यांच्या छिद्रांत शिरायला लागणारा वेळ बदलत नाही. द्रव ताशी 150 सेंटिमीटर वेगाने उतरला की थर ओलांडायला 8 मिनिटं लागतात, लहान कॉलममध्येही आणि मोठ्यातही. पंपाला मात्र मिनिटाला 2 मिलिलिटरऐवजी सुमारे 7 लिटर ढकलावे लागतात.

कागदावरचा हिशेब एवढाच. पुण्याजवळच्या एका औषधनिर्मिती प्लांटमध्ये असा मोठा कॉलम मण्यांनी भरताना, म्हणजे त्याचं पॅकिंग, जवळून पाहिलं, तेव्हा अवघड काय ते कळलं. रेझिन, म्हणजे हेच मणी, 20 टक्के इथेनॉलमधून काढून बफरने धुतलेलं होतं. मणी आणि बफरचं मिश्रण, म्हणजे स्लरी, पॅडलने सावकाश ढवळत होते. चुंबकी काडीने मणी चिरडतात आणि चुऱ्याने कॉलमच्या तळाची जाळी तुंबते. स्लरी एका दमात ओतली, प्रवाह सुरू झाला, आणि पारदर्शक भिंतीतून मण्यांची वरची रेषा खाली सरकताना दिसू लागली. तरुण ऑपरेटरने अडॅप्टरला, म्हणजे थरावर टेकवायच्या सरकत्या झाकणाला, हात घातला तसे सुपरवायझर म्हणाले, ‘‘अरे, घाई नको. रेषा थांबू दे, मग उतरव.’’

ही सावधगिरी मला फार मोलाची वाटते, कारण मोठ्या थराला आधार कमी असतो. उंच, अरुंद कोठीत धान्याचा बराच भार भिंती पेलतात, तसा अरुंद कॉलममध्ये मण्यांचा भार काच पेलते. 60 सेंटिमीटरच्या कॉलममध्ये मधल्या मण्यांना हा आधार मिळत नाही. प्रवाहाच्या ओढीने मऊ मणी चेपतात, वाट अरुंद होते, दाब चढतो, त्याने मणी आणखी चेपतात. प्रयोगशाळेत सहज झेपलेला वेग इथे झेपेलच असं नाही. म्हणून लहान कॉलमवर वेग ठरवतानाच मोठ्या कॉलमचा विचार व्हायला हवा, आणि तो वेळेत होत नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

थर बसला की चाचणी. अ‍ॅसिटोनचा छोटा डोस वरून सोडतात आणि खाली 280 नॅनोमीटरवर त्याचं पीक, म्हणजे आलेखातलं शिखर, उमटतं. पिकाच्या एक-दशांश उंचीवर मागची बाजू पुढच्या बाजूच्या किती पट रुंद, ते मोजतात. आदर्श आकडा 1, साधारण 0.8 ते 1.8 चालतो. त्याबाहेर गेला, तर अडॅप्टर वर घ्यायचा, सगळं रेझिन बाहेर काढायचं आणि पॅकिंग पहिल्यापासून.